कल्याणच्या कन्येचे सीमोल्लंघन

विजयादशमीस गावाची वेस ओलांडावी आणि आपट्याची पाने घेऊन दिवेलागणीस घरी परतावे, एवढाच सीमोल्लंघनाचा अर्थ आता आमच्या घरांतून उरला आहे. परतताच घरची मंडळी ओवाळतात. तेव्हा या उल्लंघनात भिण्याजोगे काही नसते. परंतु ज्याच्या मागे ओवाळणारे कोणी नाही आणि पुढची वाट कोणी तुडविलेली नाही, त्याच्या अंगी वेस ओलांडण्याचे धैर्य येते कोठून? ते उपजतच असते, की दुसऱ्या कोणी ते त्याच्या ठायी घालावे लागते? या प्रश्नाचा विचार करू लागलो, म्हणजे आमच्या डोळ्यांपुढे कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना उभी राहते; लग्नानंतर जी आनंदीबाई झाली ती.

कल्याण हे मूळचे दर्यावर्दी गाव. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरवृत्तांतात बंदर म्हणून त्याचा उल्लेख सापडतो. कान्हेरीच्या लेण्यांस दान देणाऱ्यांत कल्याणकरांची नावे कोरलेली आहेत. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी गलबते बांधविली ती याच खाडीच्या आश्रयाने. अशा गावातील ब्राह्मणवस्तीने पुढे समुद्र ओलांडणे हे बहिष्कारास पात्र असे पातक मानावे, यास इतिहासाची थट्टा म्हणावी की काय न कळे! १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यास आली, दुसऱ्या वर्षी ती कल्याणास पोहोचली, आणि १८६५ मध्ये, म्हणजे यमुनेच्या जन्मवर्षीच, थळघाटाचा लोहमार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला. गावातून दोन्ही घाटांकडे गाड्या धावत होत्या. वाड्यातील मुलीचे जग मात्र दिंडीदरवाज्यापाशीच संपत होते.

टपालखात्यातील गोपाळराव जोशी हे बिजवर. वयाने यमुनेहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. मुलीस शिकू दिले पाहिजे, या अटीवर त्यांनी १८७४ मध्ये नऊ वर्षांच्या यमुनेशी लग्न केले. पुढे त्यांची बदली अलिबागेस झाली, तेव्हा मुलीसोबत तिची आजी गेली. ही बारीकशी गोष्ट चरित्रांतून एका वाक्यात आटोपते; आम्हांस मात्र ती महत्त्वाची वाटते. पहिली वेस या मुलीने आजीचा पदर धरून ओलांडली. यानंतर कोल्हापूर, मुंबई, भूज आणि अखेर बंगाल, अशी गावे मागे पडत गेली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला व तो दहा दिवसांत दगावला. वैद्यक शिकण्याचा तिचा निश्चय या दुःखातून उपजला, असे सांगतात.

मुंबईत ती मिशनच्या शाळेत पायी जात असे. हातात पुस्तके घेतलेली ब्राह्मणाची सून रस्त्याने चालली म्हणजे लोक भोवती जमत, खदखदा हसत. ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित मंडळी खडे मारीत. दुकानदार तिला पाहून थुंकत. हे सारे तिने स्वतःच पुढे भरसभेत सांगितले आहे. आज कल्याण-डोंबिवलीच्या फलाटांवर प्रातःकाळी हजारो मुली मुंबईच्या गाडीत शिरण्यासाठी धक्के खातात. त्यांना उभे राहण्यापुरत्या जागेसाठी झगडावे लागते, ही गोष्ट खरी; परंतु तुम्ही बाहेर पडलातच कशाला, असे त्या फलाटावर त्यांना कोणी विचारीत नाही. आनंदीबाईस रोज त्याच प्रश्नातून वाट काढीत शाळा गाठावी लागे. आमच्या मते अमेरिकेच्या प्रवासाची खरी तयारी आगबोटीचे तिकीट काढताना झाली नाही. ती या रस्त्यावर झाली. काल लोक हसले आणि तरीही आपण शाळेत पोहोचलो, एवढे एकदा मनास कळले, की दुसऱ्या दिवशीचे हसणे थोडे हलके होते.

गोपाळरावांनी कोल्हापुराहून वाइल्डर नामक मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते मासिक दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता सहज चाळले, आणि एका अनोळखी हिंदू मुलीस पत्र धाडले. दोघींचा पत्रव्यवहार काही वर्षे चालला. म्हणजे परदेशी पाऊल टाकण्यापूर्वीच आनंदीबाईने तेथे एक मावशी जोडली होती. पलीकडच्या काठावर आपले एक माणूस आहे, हा भरवसा लहान नव्हे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीतून व्याख्यान दिले. वय अठराही पुरे नव्हते. लोक आपणांस जे प्रश्न विचारीत, तेच तिने एकेक करून सभेपुढे मांडले. अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात सोय नाही काय? एकट्याच का? जात वाळीत टाकील, त्याचे काय? परमुलखात संकट आले तर? आजवर कोणा स्त्रीने केले नाही, ते तुम्हीच का करावे? पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे सांगण्यास आमच्या स्त्रिया संकोचतात, म्हणून स्त्री-डॉक्टर हव्यात, हे तिच्या उत्तरांचे सार. बहिष्काराच्या भयास तिने दिलेले उत्तर विशेष ध्यानात धरण्याजोगे आहे: मी येथे राहते तशीच तेथे राहीन, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन. काही सुधारकांस यात भीरुता दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. उतार ओलांडणारा माणूस एक पाय दगडावर घट्ट रोवूनच दुसरा पाय उचलतो.

७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीने ती निघाली व ४ जूनला न्यूयॉर्कास उतरली. पती बरोबर नव्हता. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. १८८५ मध्ये तेथे काढलेल्या एका छायाचित्रात तिच्याशेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली बसल्या आहेत; तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत.

आता गोपाळरावांविषयी. या कथेत सारे कर्तृत्व पतीचे आणि पत्नी केवळ त्याच्या हातचे बाहुले, असे मानणारा एक मोठा वर्ग आहे. शिक्षणासाठी त्यांनी तिला मारले, हेही काही जण कौतुकाने सांगतात. मार खाल्ला म्हणून ती डॉक्टर झाली, हे आम्हांस मुळीच मान्य नाही. अमेरिकेत असता गोपाळरावांची संशयाची, टोचणारी पत्रे येऊ लागली, तेव्हा तिने उत्तरी बालपणीची मारहाण, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, टाकून जाण्याच्या धमक्या, हे सारे सौम्य पण स्पष्ट शब्दांत त्यांच्यापुढे मांडले. हेतूकडे पाहता तुमचे वागणे बरोबर ठरेल. मुलीच्या मनावर काय परिणाम झाला असता याचा विचार करता ते चुकीचेच होते, असा तिने निवाडा दिला. श्रीरामपूरची सभा आणि कलकत्त्याची बोट याहून ही वेस ओलांडणे आम्हांस कठीण वाटते. सभेतील श्रोते परके होते. हे पत्र ज्यास लिहिले, त्याच्यावाचून तिला घर नव्हते. मारणाऱ्याने पुढे ढकलले असेल. पाऊल कोठे ठेवावे, हे मात्र तिचे तिने शोधले.

११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम तिच्यासाठी ठरले होते. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन ती स्वदेशी परतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यास निवर्तली. एकाही रोग्याची नाडी तिला कोल्हापुरात पाहता आली नाही. दोनच वर्षांनी मुंबईच्या रखमाबाई वैद्यक शिकण्यास विलायतेस गेल्या. त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रोग्यांची सेवा केली.

आनंदीबाईची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे धाडली. हिंदू म्हणून परत येईन, हा शब्द तिने पाळला होता. आता तिची रक्षा पुन्हा समुद्र ओलांडून गेली. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी गावच्या दफनभूमीत ती कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावली आहे. तेथील दगडावर तिचे नाव आहे, डॉक्टरीची पदवी आहे, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी ओळख आहे.