जुना पत्ता आणि आयरिश वंशशोध

आयरिश पूर्वजांच्या शोधात आडनावापेक्षा जुना पत्ता अधिक विश्वसनीय साधन ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स संकुलातील अभिलेखागार भस्मसात झाले आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पत्रके नष्ट झाली. १८६१ ते १८९१ ची पत्रके तर शासनानेच आधी नष्ट केली होती. ही पोकळी काही अंशी भरून काढते ते करआकारणीचे दप्तर. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या मूल्यमापनात ‘टाउनलँड’ या सर्वांत लहान भूघटकानुसार कूळ, जमीनदार, क्षेत्र व आकारणी नोंदलेली आहे. नोंदीतील क्रमांक तत्कालीन नकाशावर लावल्यास जमिनीचा नेमका तुकडा सापडतो. अर्थात टाउनलँड साठ हजारांहून अधिक, आणि एकच नाव अनेक ठिकाणी. म्हणून पॅरिश व काउंटी जुळवणे अनिवार्य होय.

मात्र ही नोंद भूधारकाची आहे, कुटुंबाची नव्हे. पत्नी व मुले तीत नाहीत. १८४५ पासूनच्या महादुष्काळात आकारणी होण्यापूर्वीच जे मृत्यू पावले वा देशांतरास गेले, त्यांचा पत्ता हाती असूनही नाव मिळत नाही. त्यांच्यासाठी १८२३ ते १८३७ मधील धर्मकराच्या वह्या पाहाव्या लागतात. भूमिहीन मजुरांना त्यांतही स्थान नाही.