ब्रिटनच्या परिचारिका सूचीत नाव नोंदवताना

आपल्याकडे रुग्णालयात परिचारिकेला सरसकट 'सिस्टर' म्हणून हाक मारली जाते. ब्रिटनमध्ये मात्र 'सिस्टर' ही हाक नसून पद आहे. एखाद्या वॉर्डचा कारभार जिच्याकडे सोपवलेला असतो तिचे. तेथील परिचारिका रुग्णापुढे उभी राहते ती स्वतःचे नाव सांगून. केट ग्रेंजर या डॉक्टरने स्वतः रुग्ण म्हणून खाटेवर असताना आलेल्या अनुभवातून २०१३ साली याच एका वाक्याची मोहीम सुरू केली आणि ती देशभर पोहोचली. परदेशी परिचारिकांच्या प्रात्यक्षिक परीक्षेतही नाव सांगणे आणि रुग्णाची संमती घेणे या गोष्टी तपासल्या जातात. कामात वाकबगार असलेल्या अनेकींना हीच सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

परिचारिकांच्या सरकारमान्य सूचीची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. असा कायदा प्रथम न्यूझीलंडने १९०१ मध्ये केला. ब्रिटनमध्ये तो १९१९ साली झाला. आज तेथील सूची 'नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल' ही २००२ पासून कार्यरत असलेली संस्था सांभाळते. 'रजिस्टर्ड नर्स' हे नामाभिधान कायद्याने राखीव आहे. सूचीत नाव चढून 'पिन' नावाचा क्रमांक हाती येईपर्यंत, भारतातला अनुभव कितीही वर्षांचा असो, त्या नावाने काम करता येत नाही.

भारतीय पदवीची आपोआप मान्यता तेथे नाही. २०१४ पूर्वी परदेशी परिचारिकांना एक अभ्यासक्रम आणि देखरेखीखालील सेवाकाळ पूर्ण करावा लागे. त्या वर्षी ही पद्धत जाऊन दोन टप्प्यांची चाचणी आली आणि २०२१ मध्ये तिला सध्याचे रूप मिळाले. पहिला टप्पा संगणकावरचा. तो भारतातच देता येतो. त्यात औषधांच्या मात्रेसारख्या गणिताचे १५ आणि परिचर्येचे १०० प्रश्न असतात. मन लावून अभ्यास करणाऱ्यांना तो फारसा जड जात नाही. दुसरा टप्पा मात्र ब्रिटनमध्येच द्यावा लागतो आणि खरी धास्ती त्याचीच असते.

या प्रात्यक्षिकात दहा थांबे असतात. पहिले चार एकाच काल्पनिक रुग्णाभोवती गुंफलेले: त्याची तपासणी, शुश्रूषेचा लेखी आराखडा, प्रत्यक्ष औषध देणे आणि अखेर पुढच्या पाळीच्या सहकाऱ्याकडे रुग्ण सोपवणे. चार थांबे जखमेची मलमपट्टी, इंजेक्शन यांसारख्या कौशल्यांचे असतात. उरलेल्या दोन लेखी थांब्यांत व्यावसायिक मूल्ये आणि संशोधनाचा आधार यांची पारख होते. औषध देण्याचा थांबा नमुन्यादाखल पाहण्यासारखा आहे. भारतात ही कामे परिचारिका दिवसातून अनेकदा करते. पण घाईत, आणि बहुधा मुकाट्याने. परीक्षकापुढे मात्र रुग्णाचे नाव व जन्मतारीख त्याच्याच तोंडून विचारून मनगटावरील पट्टीशी ताडावी लागते, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का हे विचारावे लागते, तक्त्यातील मात्रा, वेळ व मार्ग पाहावा लागतो आणि मगच गोळी हातात द्यायची असते. तक्त्यात मुद्दाम पेरलेले, रुग्णाला न चालणारे औषध नजरेतून सुटले, तर बाकी सारे नेटके करूनही तो थांबा हातचा जातो. जे केले ते परीक्षकाला दिसले अथवा ऐकू आले पाहिजे. मनातल्या मनात केलेल्या खातरजमेला गुण नाहीत.

एका अर्जावर प्रात्यक्षिकाच्या तीन संधी मिळतात. त्या संपल्या की अर्ज बंद होतो आणि नव्याने सुरुवात करण्यासाठी सहा महिने थांबावे लागते. २०२१ मध्ये या परीक्षेचे शुल्क ७९४ पौंड होते, तर संगणकीय चाचणीचे ८३ पौंड. दोन्ही आकड्यांतील तफावतच दुसऱ्या टप्प्याचे वजन सांगते. नोकरी देणारे रुग्णालय बहुधा पहिल्या परीक्षेचा खर्च उचलते. पुढच्या प्रयत्नांचा उचलेलच असे नाही.

इंग्रजीची अट या सर्वांपेक्षा अधिक जणींना अडवते. 'आयईएलटीएस'च्या ॲकॅडमिक परीक्षेत एकूण ७, वाचन, श्रवण व संभाषणात प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. २०१८ च्या अखेरीपर्यंत लेखनातही ७ लागत. कित्येक अनुभवी परिचारिका त्या अर्ध्या गुणासाठी पुनःपुन्हा परीक्षेला बसत. २०१७ पासून 'ओईटी' ही आरोग्यसेवकांसाठीची परीक्षाही ग्राह्य धरली जाते. तिच्यात निबंधाऐवजी रुग्णाविषयीचे पत्र लिहायचे असते. वॉर्डात आयुष्य गेलेल्यांना ती जवळची वाटते, हे स्वाभाविकच आहे.

महाराष्ट्रातील उमेदवारांना आणखी एक अडसर येतो आणि त्याचा परीक्षेशी काडीचाही संबंध नाही. जीएनएम वा बीएस्सीच्या प्रमाणपत्रावर नाव माहेरचे असते: स्वतःचे, वडिलांचे आणि मग आडनाव. लग्नानंतर पारपत्रावर मधले नाव पतीचे येते, आडनाव बदलते, आणि काही घरांत पहिले नावही बदलले जाते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदीत जुने नाव, इंग्रजी परीक्षेच्या गुणपत्रकावर नवे, अशी अवस्था झाली की ब्रिटनमधल्या अधिकाऱ्याला या दोन स्त्रिया एकच कशा हे कळण्याचा मार्ग उरत नाही. तेथील कौन्सिल भारतीय परिषदेकडून नोंदणीची थेट खातरजमा मागवते. म्हणून अर्ज भरण्याआधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र अथवा नावबदलाचे राजपत्र मिळवून परिषदेतील नोंद पारपत्राशी जुळवून घ्यावी. कंटाळवाणे काम आहे, पण हेच पुढे ढकलल्याने इंग्रजीच्या गुणपत्रकाची दोन वर्षांची मुदत वाट पाहण्यातच सरण्याचा धोका असतो.

कागद जुळले, संगणकीय चाचणी व इंग्रजी पार पडली, की नोकरी आणि व्हिसा. येथे एक गल्लत नेहमी होते. कौन्सिलचा होकार म्हणजे नोकरी नव्हे. व्हिसासाठी प्रायोजक रुग्णालय वेगळे मिळवावे लागते. कोविडनंतरच्या काळात ब्रिटनने मोठ्या प्रमाणावर भरती केली आणि परदेशातून येणाऱ्या नव्या परिचारिकांत भारतीय आघाडीवर होत्या. २०२४ पासून ही भरती बरीच रोडावली आहे. तेव्हा हातात नेमणूक नसताना कर्ज काढून परीक्षांवर खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करणे बरे. नेमणुकीनंतर पहिले प्रात्यक्षिक साधारण तीन महिन्यांच्या आत द्यावे लागते. तोवर काम खालच्या वेतनश्रेणीत करायचे असते. घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब याच काळात कोलमडतो.

ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेनुसार संस्थांनी परिचारिकेकडून नोकरीसाठी शुल्क घेणे अपेक्षित नाही. भारतातही परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे आणि त्याच्या सेवाशुल्काला तीस हजार रुपयांची मर्यादा आहे. कोणी लाखांची भाषा करू लागला, तर नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळावा. करारातील परतफेडीचे कलमही स्वाक्षरीपूर्वी वाचावे. मुदतीआधी नोकरी सोडल्यास विमानभाडे, परीक्षाशुल्क, निवासखर्च यांतील नेमके काय आणि किती भरावे लागेल, याचे आकडे लेखी मागावेत.

पिन मिळाल्यावरही नोंदणी कायमची नसते. दर तीन वर्षांनी ती नूतनीकरणास येते. त्यासाठी किमान ४५० तासांचे काम आणि ३५ तासांचे व्यावसायिक शिक्षण दाखवावे लागते. आणि महाराष्ट्र परिषदेतील नोंदणीचे नूतनीकरण परत येण्याचा विचार असणाऱ्यांनी तिकडे असतानाही चालू ठेवावे.