खाँसाहेबांसमोर खुर्ची

गेल्या वर्षी अब्बांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही. नमाजचा मसला एका दिवसात सुटला. उभं राहता येत नसेल तर बसून पढा, बसवत नसेल तर कुशीवर पडून पढा, ही सवलत हदीसमध्येच आहे. अब्बा आता मशिदीत सफच्या टोकाला खुर्ची घेऊन बसतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही.

अडचण गाण्याची झाली. आम्ही मिरजेचे. अब्बा एसटीत मेकॅनिक होते, गाणं शिकलेले नाहीत. पण मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गाणं होतं, ते तरुणपणापासून रात्र रात्र बसून ऐकत आलेले. घरीही रोज रात्री जेवणानंतर सतरंजी टाकायची, भिंतीला तक्क्या लावायचा आणि अर्धा-पाऊण तास ऐकायचं, असा त्यांचा रिवाज. ऑपरेशननंतर ते बंदच झालं. मी म्हटलं, खुर्चीवर बसून ऐका. ते म्हणाले, "नीचे बैठके सुनने की चीज है ये." खुर्चीवर पाय सोडून खाँसाहेबांना ऐकणं त्यांना बेअदबी वाटत होती.

मला हसूही आलं आणि थोडा रागही. अल्लाहच्या दरबारात खुर्ची चालते, आणि खाँसाहेबांसमोर नाही? तसं बोलूनही दाखवलं. ते गप्प राहिले. गाणं ऐकण्याशिवाय दुसरा शौक नसलेला माणूस संध्याकाळी आठ वाजताच दिवा मालवून झोपायला लागला, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आपल्या घरातल्या बसण्याचा इतिहास मग मी शब्दांच्या बाजूनं तपासायला घेतला. वडिलांशी वाद घालायचा तर तयारी हवी.

बसण्याचे आपले निम्मे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. 'तक्क्या' फारसी, त्याच शब्दानं फकिराच्या मुक्कामाची जागाही ओळखली जाते. 'सतरंजी' शतरंजवरून आली, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्यांमुळे. 'गालिचा' फारसी, 'मैफल' अरबी 'महफिल'. आणि 'खुर्ची' म्हणजे अरबी 'कुर्सी'. हा शब्द अरबीत आरामीमधून आला आणि त्याचं मूळ पार इराकच्या प्राचीन अक्कादी भाषेपर्यंत जातं. सूरह बकराची २५५ वी आयत आपण 'आयतुल कुर्सी' म्हणून ओळखतो. तिथे कुर्सी म्हणजे अल्लाहच्या सत्तेची खूण. म्हणजे या शब्दात मुळापासून सत्तेचा, मानाचा अर्थ आहे, आरामाचा नाही. 'सोफा'ची गोष्ट तर उलटीच. तो अरबी 'सुफ्फा' या शब्दावरून तुर्की आणि युरोपमार्गे फिरून आपल्याकडे आला. मस्जिदे नबवीतल्या सुफ्फ्यावर ज्यांना घरदार नव्हतं असे गरीब सहाबी राहत. आज तोच शब्द दिवाणखान्यातल्या सर्वांत महाग वस्तूचं नाव झाला आहे.

इंग्रजी अमलातही खुर्ची मानाचीच राहिली. उत्तर हिंदुस्थानात 'कुर्सीनशीन' नावाचा एक दर्जा होता. साहेबाच्या भेटीला गेल्यावर ज्याला खुर्ची मिळण्याचा हक्क आहे, तो कुर्सीनशीन. त्यासाठी सनदा दिल्या जात. बाकीच्यांनी उभं राहायचं. आपल्या थोरामोठ्यांच्या मनात खुर्चीविषयी जो एक संकोच असतो, त्याची मुळं बहुधा इथे असावीत. खुर्चीवर बसणं म्हणजे समोरच्यापेक्षा मोठं होणं.

गाण्याच्या बैठकीत ही भानगड नव्हती. जमिनीवर गादी, लोड, तक्के. गवई किंचित उंच बैठकीवर, ऐकणारे सगळे खाली, एका पातळीवर. जहागीरदार लोडाला टेकेल, कारकून टेकणार नाही, एवढाच फरक. गवयाची नजर ऐकणाऱ्याच्या नजरेला भिडत असे, दाद तिथल्या तिथे पोचत असे.

मग गाण्याला खुर्ची कधी भेटली? मला वाटतं, पहिल्यांदा नाटकाच्या थिएटरात. १८८२ साली किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' आलं आणि तिकीट काढून गाणं ऐकणारा एक मोठा वर्ग महाराष्ट्रात तयार झाला. पुढे खुर्च्या, मागे बाक, त्याखालचा पिट. पैशाप्रमाणे बसायची जागा ठरू लागली. पण घरात? घरात गाण्यासाठी खुर्ची यायला गवयाला आधी खोलीबाहेर जावं लागलं.

ते घडलं १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपताच ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत असे. पुढे तबकड्या घरोघर जाऊ लागल्या आणि गवई समोर नसताना गाणं ऐकणारा माणूस जन्माला आला. त्याला वाटेल तिथे, वाटेल तसं बसायची मोकळीक मिळाली.

गंमत म्हणजे ती मोकळीक त्याला लगेच वापरता आली नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. मग उठायचं, तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी भरायची. दर तीन मिनिटांनी उठणाऱ्याला खोल आरामखुर्ची काय कामाची? ग्रामोफोनशेजारी सरळ पाठीची खुर्ची किंवा स्टूलच बरं. पाठ टेकून ऐकण्याची सोय केली ती रेडिओनं. मुंबईचं नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झालं. १९५२ पासून आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम शनिवारी रात्री लागू लागला आणि सलग दीड तास शास्त्रीय गाणं घरात आलं. १९४८ साली अमेरिकेत निघालेली लाँगप्ले तबकडी पुढे आपल्याकडेही आली. तिची एक बाजू वीस मिनिटांवर चालत असे. कापडी झोळीची नाहीतर वेताच्या जाळीची, लांब हातांची आरामखुर्ची आणि शेजारी रेडिओ, हे मध्यमवर्गीय घराचं चित्र या काळातलं. म्हणजे जितका वेळ गाणं सलग चाललं, तितकी खुर्ची मागे कलत गेली.

हे सगळं मी अब्बांना ऐकवलं. वर गज्जालींचा दाखला दिला. संगीत जायज की नाही हा वाद जुना आहे, तो आज इथे नको. पण इमाम गज्जालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक पूर्ण भाग लिहिला आहे, त्यात ऐकण्याचे आदाब सांगितले आहेत. जुनैद बगदादींचं म्हणणं त्यांनी नोंदवलं आहे, की समाअला तीन गोष्टी लागतात : वेळ, जागा आणि सोबत. मन रिकामं असावं, जागा शांत असावी, सोबतचे लोक जाणते असावेत. ऐकणाऱ्यानं मान खाली घालून, हालचाल न करता, चित्त एकाग्र करून बसावं. मी म्हटलं, "अब्बा, अदब चित्ताची आहे, बैठकीची नाही. आणि खाँसाहेब १९३७ सालीच गेले. ते खोलीत नाहीत. बेअदबी कुणाची होणार?"

अब्बा म्हणाले, "आवाज तर आहे ना."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय हेही लक्षात आलं, की मी वाद जिंकलो तरी खुर्ची आणायची आहेच, आणि ती चांगली हवी. आधी एका दुकानात गेलो. मागे कलणारी, पाय वर उचलणारी गुबगुबीत खुर्ची दाखवली. अब्बा बसले आणि रुतले. उठवायला दोघं लागलो. रेक्झिनला पाठ चिकटत होती, आणि पाठ डोक्याच्याही वर गेलेली, कानांच्या दोन्ही बाजूंना उशा. अशा खुर्चीत झोप छान लागेल, गाणं ऐकू येणार नाही. बाजूनं येणारा आवाज त्या उशा अडवतात आणि कानामागचं गुळगुळीत रेक्झिन आवाज परतवतं.

शेवटी ओळखीच्या सुताराकडे एक जुनी सागवानी खुर्ची मिळाली, वेताची जाळी नव्यानं विणून घेतली. निवडताना काय पाहिलं ते सांगतो, कुणाच्या घरात असे अब्बा असतील तर उपयोगी पडेल. बैठक जमिनीपासून साधारण अठरा इंच. पाऊल पूर्ण टेकतं आणि गुडघा कमरेपेक्षा वर जात नाही. हात भक्कम, त्यांवर जोर देऊन एकट्याला उठता येतं. पाठ थोडीच कललेली आणि खांद्यापर्यंतच, म्हणजे कान मोकळे. वेताला घाम धरत नाही. आणि हललं तरी कुरकुरत नाही, हे तर मी दुकानात डोळे मिटून तपासलं.

खुर्ची आली. अब्बा त्यावर बसून पेपर वाचू लागले, चहा पिऊ लागले. गाणं मात्र नाही.

तोडगा निघाला तो माझ्या इतिहासातून नाही. आमचा छोटा स्पीकर सतरंजीच्या सवयीनं जमिनीवरच ठेवलेला असायचा. अब्बा खाली बसत तेव्हा तो समोर असे. आता खुर्चीवरून आवाज पायाशी येत होता. एका शनिवारी मी मुलीला सांगितलं, स्पीकर कपाटावर ठेव, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. तिनं उचलून जरा वरच ठेवला, आजोबांच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. मी खाली घ्यायला सांगणार, तेवढ्यात अब्बा म्हणाले, "राहू दे. आता बरोबर आहे."

मला क्षणभर कळलं नाही. मग ध्यानात आलं. त्यांचा आक्षेप खुर्चीला नव्हताच. इतके दिवस मी खाँसाहेबांना त्यांच्या पायाशी बसवून, त्यांनी वरून ऐकावं असं म्हणत होतो. बैठकीत गवई वर आणि ऐकणारा खाली असतो. मी शब्दांची मुळं शोधत बसलो आणि एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही. वडिलांच्या बोलण्याला हट्ट म्हणून मोकळा झालो होतो.

त्या रात्री १९३० च्या दशकातली झिंझोटीची ठुमरी लावली. तीन मिनिटांची तबकडी, मागे खरखर, तिच्यातून तो बारीक, लांबणारा आवाज. अब्बा दोन्ही पावलं जमिनीला टेकवून, हात खुर्चीच्या हातांवर ठेवून, मान खाली घालून ऐकत होते. मी आणि मुलगी सतरंजीवर बसलो होतो. ठुमरी संपली तेव्हा सवयीनं मी पुढचं लावायला उठलो. त्यांनी हातानं थांबवलं. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

आता आमच्याकडे रात्री नऊनंतर दिवाणखान्यात टीव्ही लागत नाही. खुर्चीवर दिवसा कुणीही बसतं. मुलगी त्यावर बसून होमवर्क करते. रात्री मात्र ती अब्बांची.