जीवाणू

जीवाणू हे सूक्ष्म, एकपेशीय व आदिकेंद्रकी सजीव आहेत. त्यांच्या पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नसते. वनस्पती, प्राणी व कवके यांच्या पेशींहून त्यांचे वेगळेपण मुख्यतः यातच आहे. बहुतेक जीवाणूंची लांबी ०.५ ते ५ मायक्रोमीटर असल्याने ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. नेदरलँड्समधील अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६७६ मध्ये स्वतः घडवलेल्या भिंगांतून केलेली जीवाणूंची निरीक्षणे नोंदवली. माती, पाणी व प्राण्यांची आतडी येथे जीवाणू विपुल आढळतात. विरजण लावलेल्या दुधाचे दही जीवाणूंमुळेच होते.

आकार

आकारानुसार जीवाणूंचे पुढील मुख्य प्रकार मानतात.

- गोलाणू : गोलाकार. यांची माळ झाल्यास मालागोलाणू व द्राक्षांच्या घडासारखा पुंजका झाल्यास पुंजगोलाणू म्हणतात.
- दंडाणू : काठीसारखे. उदा. क्षय व प्लेग यांचे जीवाणू.
- स्वल्पविरामासारखे वाकडे : उदा. पटकीचा जीवाणू.
- सर्पिलाकार : मळसूत्रासारखे. उदा. लेप्टोस्पायरोसिसचा जीवाणू.

केवळ आकारावरून जीवाणूची ओळख पटत नाही; दह्यातील लॅक्टोबॅसिलस व क्षयाचा जीवाणू हे दोन्ही दंडाणूच आहेत.

रचना

बहुतेक जीवाणूंच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकनयुक्त पेशीभित्तिका व तिच्या आत पेशीपटल असते. पेशीद्रव्यात रायबोसोम व डीएनए असतात. हा डीएनए बहुधा एकाच वर्तुळाकार रेणूच्या रूपात असतो. त्याखेरीज प्लाझ्मिड नावाची डीएनएची लहान वलयेही आढळतात. काही जीवाणू कशाभिकांच्या साहाय्याने हालचाल करतात. हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंजनपद्धतीत जाड भित्तिकेचे जीवाणू जांभळे, तर पातळ भित्तिका व बाह्यपटल असलेले गुलाबी दिसतात.

प्रजनन

जीवाणूंचे प्रजनन मुख्यतः द्विविभाजनाने होते. प्रथम डीएनएची प्रत तयार होते, पेशी लांबते, मध्यभागी पडदा निर्माण होतो आणि एका पेशीच्या दोन पेशी होतात. अनुकूल परिस्थितीत एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू सुमारे २० मिनिटांत विभागतो. हा वेग टिकल्यास ७ तासांत एका पेशीपासून २० लाखांहून अधिक पेशी निर्माण होतील. प्रत्यक्षात अन्न संपल्याने व टाकाऊ पदार्थ साठल्याने वाढ मंदावते.

प्रतिकूल काळात धनुर्वाताच्या जीवाणूसारखे काही जीवाणू अंतर्बीजाणू बनवतात. एका पेशीपासून एकच बीजाणू होत असल्याने हे प्रजनन नव्हे, तो तग धरण्याचा उपाय होय. संयुग्मनातही पेशींची संख्या वाढत नाही. एका जीवाणूकडील डीएनए दुसऱ्याकडे जातो.

प्रतिजैविकांना विरोध

पेनिसिलिन जीवाणूंच्या भित्तिकेची बांधणी रोखते. मानवी पेशींना भित्तिका नसल्याने त्यांवर हा परिणाम होत नाही. मात्र एखाद्या जीवाणूत उत्परिवर्तनाने वा संयुग्मनाने औषधविरोधी जनुक आल्यास तोच औषधातून वाचतो व द्विविभाजनाने त्याची संख्या झपाट्याने वाढते. विषाणूजन्य सर्दीवर प्रतिजैविके निरुपयोगी असतात. त्यांच्या अनावश्यक वापरामुळे अशा विरोधी जीवाणूंचे फावते.