तिसरा खेळाडू आणि गणिताची हमी

पोकर या पत्त्यांच्या खेळात हातातली पाने झाकून पैज लावायची असते. समजा, आपली पाने कोणाही एका प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस असण्याची संभाव्यता ०.७५ आहे. समोर दोघे असतील तर ती ०.७५ × ०.७५, म्हणजे सुमारे ०.५६ होते, पाच जण असतील तर जेमतेम ०.२४. (एकाच्या पानांचा दुसऱ्याच्या पानांवर होणारा परिणाम येथे सोडून दिला आहे.) म्हणून चांगली पानेही गर्दीत जपून खेळावी लागतात. पण खरी अडचण याहून खोल आहे.

१९२८ साली जॉन फॉन नॉयमन यांनी सिद्ध केले की, एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा नफा अशा दोघांच्या खेळात प्रत्येकाजवळ एक हमखास डावपेच असतो. प्रतिस्पर्ध्याने काहीही केले, तरी आपले सरासरी फळ ठरावीक मर्यादेखाली जात नाही.

हॅरॉल्ड कून यांनी १९५० मध्ये तीनच पानांचे पोकर मांडले. दोघांनी एकेक चिंचोका मध्ये ठेवायचा, एकेक पान घ्यायचे आणि हवी तर आणखी एका चिंचोक्याची पैज लावायची. पहिला पैज न लावता थांबला, तर सर्वांत हलके पान असलेल्या दुसऱ्याने सरासरी तीनदा एक वेळ हूल द्यावी, असे उत्तर येते. जास्त वेळा दिली तर ती पकडली जाते. कमी वेळा दिली तर त्याच्या भारी पानावर कोणी पैज स्वीकारत नाही.

त्याच वर्षी जॉन नॅश यांनी कितीही खेळाडूंसाठी 'समतोल' असतो हे दाखवले. बाकीचे आपल्या डावपेचावर ठाम असताना एकट्याने बदल करून कोणाचाच फायदा होत नाही, अशी ही स्थिती. लॉइड शॅप्ली यांच्यासह त्यांनी तिघांचे एक सोपे पोकरही सोडवले. मात्र येथे हमी निसटते. दोघांच्या खेळात एकाची चूक दुसऱ्यालाच लाभते. तिघांत 'ब'च्या चुकीचा लाभ 'क'ला होऊन, समतोलाप्रमाणे खेळणारा 'अ' बुडू शकतो.

२०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने दोघांच्या पोकरचा एक मर्यादित-पैजेचा प्रकार संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१९ मध्ये 'प्लुरिबस' ही संगणकप्रणाली सहा जणांच्या खेळात व्यावसायिक खेळाडूंना भारी ठरली. पण तिच्यामागे तशी गणिती हमी नव्हती.

वर्गात कूनचा खेळ मांडून पाहावा. नंतर चौथे पान घालून तिसरा विद्यार्थी बसवावा. नोंदी ठेवल्या की 'एकाने वाढ' आणि 'स्वरूपात बदल' यांतला फरक मुलांना आपोआप कळेल.