जयकरांच्या ताहराचं आजोळ

ओमानच्या हजर पर्वतात, उभ्या कड्यांवर एक लहानखुरी रानशेळी राहते. मागे वळलेली आखूड शिंगं, नराच्या अंगावर आयाळ. ओमान आणि शेजारच्या अमिरातीतले डोंगर सोडले तर ती रानात कुठेच सापडत नाही. अरबी ताहर म्हणतात तिला, आणि शास्त्रीय नाव अरेबिट्रॅगस जयकरी. या नावातलं ‘जयकरी’ वाचून मी थबकलो, आणि मग या प्राण्याचा नाद सोडवेना.

हे जयकर म्हणजे डॉ. आत्माराम सदाशिव जयकर (१८४४–१९११), इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले सर्जन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मस्कतच्या ब्रिटिश एजन्सीत वर्षानुवर्षं काढली. दवाखाना सांभाळून ओमानी अरबी बोलीवर निबंध लिहिला, ओमानी म्हणी जमवल्या, अद्-दमीरीच्या प्राणिकोशाच्या इंग्रजी भाषांतराला हात घातला. मासे, साप, सरडे गोळा करून ते लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला पाठवत. एक समुद्रघोडा, एक वाळूतला साप आणि एक सरडा आजही त्यांचं नाव लावतात. या रानशेळीचे नमुनेही त्यांनीच पाठवले. १८९४ साली ओल्डफील्ड थॉमस यांनी तिचं वर्णन छापलं आणि नाव दिलं हेमिट्रॅगस जयकरी.

हेमिट्रॅगस का? कारण याच बांध्याचे ताहर हिमालयात होते, निलगिरीतही होते. तिघांची एक प्रजाती मानली गेली आणि तिथेच कोडं पडलं. ओमान, हिमालय आणि निलगिरी या तीन टोकांना एकच घराणं पोचलं कसं? उत्तर ठरलेलं होतं: पूर्वी सलग पट्टा होता, हवामान बदललं, मधले मेले, टोकाचे उरले. निलगिरीपर्यंतची वाट शोधताना आपला सातपुडा पुढे आला. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात मांडलं होतं, की हिमालयातल्या खळाळत्या ओढ्यांतले मासे विंध्य-सातपुड्याच्या वाटेनं सह्याद्रीत उतरले. निलगिरी ताहर हा या मताचा चार पायांचा साक्षीदार म्हणून पुढे केला जाई.

ही साक्ष खोटी पडली ती मायटोकाँड्रियल डीएनएमुळे. पेशीच्या केंद्रकाबाहेरचा हा डीएनए जवळपास साडेसोळा हजार अक्षरांचा. तो आईकडून येतो, बापाच्या डीएनएशी मिसळत नाही, आणि त्यात बदल भराभर साचतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत बापाकडून घराणं उलगडतं; ही वही आईकडून लिहिलेली. माणसाची अशी वही १९८१ साली केंब्रिजमध्ये पूर्ण वाचली गेली. १९८४ मध्ये ॲलन विल्सन यांच्या चमूनं नामशेष क्वॅगाच्या संग्रहालयातल्या कातड्यातून तिचे तुकडे काढले. १९८७ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेनं साऱ्या मानवजातीचं आजोळ आफ्रिकेत दाखवलं.

ताहरांची पाळी २००५ साली आली. ॲन रोपिके आणि अलेक्झांद्र हसानँ या शास्त्रज्ञांनी तिन्ही ताहरांचं सायटोक्रोम-बी हे मायटोकाँड्रियल जनुक, सुमारे ११४० अक्षरांचं, मेंढ्या आणि शेळ्यांच्या जनुकांशी ताडून पाहिलं. जोडीला केंद्रकातली जनुकंही घेतली. तिघांची तीन घराणी निघाली! हिमालयी ताहर शेळ्यांजवळ गेला, निलगिरी ताहर मेंढ्यांजवळ, आणि जयकरांचा ताहर उत्तर आफ्रिकेतल्या औदाद या रानमेंढ्याजवळ. निलगिरीट्रॅगस आणि अरेबिट्रॅगस अशा दोन नव्या प्रजाती कराव्या लागल्या. ओमानच्या शेळीचे आप्त पूर्वेला शोधत होतो. ते निघाले पश्चिमेला, ॲटलास आणि सहारातल्या डोंगरांत.

आईकडची वही एकटी पुरेशी नाही, हा आक्षेप रास्त आहे. दोन जातींचा संकर झाला तर आजोळ एकीकडे दाखवेल आणि बाकीची जनुकं दुसरीकडे. याच दोघांनी २००६ साली रानशेळ्यांबाबत असा बेबनाव दाखवला आणि त्यांचा पूर्वज संकरातून आला असावा असं मांडलं. म्हणूनच ताहरांच्या निवाड्यात केंद्रकातल्या जनुकांची साक्ष मोलाची ठरते.

मग तिघं सारखे का दिसतात? कडेकपारींनी तिघांना एकाच साच्यात घडवलं, हे एक उत्तर. मला ते पटत नाही. माझा तर्क असा, की ताहराचा बांधा हाच जुना बांधा. मेंढ्या-शेळ्यांचा सामाईक पूर्वज साधारण असाच दिसत असणार. पुढे मेंढ्यांनी आणि शेळ्यांनी मोठाली, पिळदार शिंगं मिरवली. आडरानातल्या डोंगरांत अडकलेल्या तीन शाखांनी जुनं रूप राखलं. तीन वेगळ्या घराण्यांनी तीन वेळा तेच रूप नव्यानं घडवलं असं मानण्यापेक्षा, तिघांनी वडिलोपार्जित ठेवा सांभाळला हे मानणं सोपं आहे. सातपुड्याची वाटही यानं बंद होत नाही. मेंढ्यांचं कूळ उत्तरेचंच. निलगिरी ताहराचे पूर्वज कुठून तरी दक्षिणेत उतरलेच असतील. बाद झालं ते हिमालयी ताहराशी जोडलेलं नातं.

या शोधाचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. अरेबिट्रॅगस प्रजातीत जाती एकच. मस्कतजवळच्या वादी सरीनमध्ये तिला १९७० च्या दशकापासून संरक्षण आहे, तरी मोकाट पाळीव शेळ्या तिच्या चाऱ्यावर हक्क सांगतात, आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ती आहे. ती गेली तर एक अख्खं घराणं बुडेल.

नामकरणाच्या नियमानं प्रजाती बदलली, तरी ‘जयकरी’ तसंच राहिलं. मराठीत शिकवल्या जाणाऱ्या प्राणिशास्त्रात डॉ. जयकरांना एक परिच्छेद तरी मिळायला हवा.