नई तालीम आणि बालकांची जडणघडण

नई तालीम (बुनियादी शिक्षण, वर्धा शिक्षण योजना) ही महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ साली वर्धा येथे मांडली गेलेली शिक्षणपद्धती होय. सहृदयता, आत्मविश्वास आणि संवादकौशल्य यांसाठी तिने वेगळी तासिका ठेवली नाही. एकत्र केलेले काम आणि त्या कामाचा इतरांपुढे दिलेला हिशेब यांतूनच हे गुण बालकांत रुजावेत, अशी तिची धारणा होती. वर्धा शहरालगतची सावंगी (मेघे) आणि सेवाग्राम ही गावे आज वैद्यकीय महाविद्यालयांमुळे अधिक परिचित आहेत. त्यामुळे याच परिसरातील हा शैक्षणिक प्रयोग काहीसा विस्मरणात गेला आहे.

पार्श्वभूमी

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तीत डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. विनोबा भावे, काका कालेलकर, ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् हे तिचे सदस्य होते. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली व हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. सेवाग्राम येथील कार्याची धुरा आर्यनायकम् दांपत्याने वाहिली.

स्वरूप

समितीने साडेपाच तासांच्या शालेय दिवसात मूलोद्योगास ३ तास २० मिनिटे आणि मातृभाषेस केवळ ४० मिनिटे दिली. यावरून भाषा दुय्यम मानली गेली असा समज होतो. तो योग्य नाही. आपल्या परिसरातील वस्तू, माणसे व घटना यांविषयी मुलाला मोकळेपणाने, सहजतेने आणि आत्मविश्वासाने बोलता यावे, हे मातृभाषेच्या अभ्यासक्रमाचे एक स्पष्ट उद्दिष्ट होते. बोलण्यास विषय मात्र कामातून मिळे. बागेतील वाफा का सुकला, पेळू का तुटला, स्वयंपाकघरात धान्य किती लागले, हे सांगताना मूल केवळ पाठांतर करू शकत नव्हते.

सूतकताईत ४ फुटांची एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी असे माप असे. त्यामुळे आपली प्रगती मुलाला स्वतः मोजता येई. त्यासाठी शिक्षकांच्या शाबासकीची वाट पाहावी लागत नसे. सफाई व स्वयंपाक ही कामे जातिभेद न मानता सर्वांनी करावयाची असत. ज्या काळात पंगतीतही भेद पाळला जाई, त्या काळात सहृदयतेचा याहून कठीण पाठ क्वचितच असेल. बालसभेत मुले आपल्यातूनच मंत्री निवडत आणि त्यांच्याकडून कामाचा अहवाल ऐकत. त्यात चूक दाखविण्याची आणि ती ऐकून घेण्याची, अशी दोन्ही सवय लागे.

टीका व उत्तरकाल

उद्योगातून शाळेचा खर्च भागवावा, या कल्पनेवर प्रा. के. टी. शाह यांनी प्रारंभीच आक्षेप घेतला. मुलांकडून सक्तीचे श्रम करवून घेतले जातील, अशी त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती. स्वातंत्र्यानंतर अनेक ठिकाणी टकळी उरली, पण तिच्याभोवतीचा संवाद उरला नाही. पालकांनाही आपल्या मुलांना दुय्यम शिक्षण मिळत असल्याची शंका येई. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ या नावाने या विचाराचा काही अंश स्वीकारला. सेवाग्राम येथे नई तालीम समितीने २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ ही शाळा मराठी माध्यमातून पुन्हा सुरू केली.